तांबड्या मातीची मशागत

टेनिसचे जे तांबडे मैदान आज फ्रान्सच्या क्रीडावैभवाचे प्रतीक मानले जाते, त्याचा उगम, रूढ हकिकतीप्रमाणे, एका अडचणीतून झाला. १८८० च्या सुमारास कान येथे रेनशॉ या इंग्रज बंधूंच्या मैदानावरील हिरवळ भूमध्यसागरी उन्हाने करपू लागली, तेव्हा त्यांनी जवळच्या व्हालोरी गावातील कुंभारांकडून फुटक्या भांड्यांचा चुरा आणवून तिच्यावर पसरविला.

पुढे १९२७ साली फ्रान्सने डेव्हिस चषक अमेरिकेकडून हस्तगत केला आणि त्याच्या रक्षणार्थ १९२८ मध्ये पॅरिस येथे, महायुद्धात पडलेल्या रोलां गारोस या वैमानिकाच्या नावाने, भव्य क्रीडांगण उभे राहिले. तेथील ज्या तांबड्या पृष्ठभागास आपण माती म्हणतो, तो वस्तुतः भाजलेल्या विटांच्या पुडीचा एकदोन मिलिमीटर जाडीचा थर होय. त्याखाली ओलावा धरून ठेवणारी पांढरी चुनखडी, तिच्याखाली जळक्या कोळशाची खंगर, मग खडी आणि सर्वांच्या तळाशी मोठे दगड, अशी ही रचना असते.

परंतु रचनेहून निगराणी अवघड. पूड कोरडी पडली की वाऱ्यावर उडते, फार भिजली की चेंडूची गती मंदावते. म्हणून सेवक जाळे ओढून घसरत्या पावलांचे ओरखडे बुजवितात, कुंच्याने पांढऱ्या रेषा झाडतात आणि नळीने पाणी शिंपतात. अंगणात नित्य सडा घालणाऱ्या गृहिणीइतकीच निष्ठा या श्रमांत आहे, आणि विजेत्याच्या कीर्तीत या श्रमांचाही न्याय्य वाटा आहे.