बेलफास्टच्या गल्ल्यांतील तीस वर्षें

गनिमी कावा म्हटला कीं महाराष्ट्रीय मनापुढें सह्याद्रीच्या खिंडी, करवंदीच्या जाळ्या आणि रात्रींतून दूरची मजल मारणारे मावळे उभे राहतात. त्या युद्धांत लपावयास डोंगर होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरीं जें युद्ध सुमारें तीस वर्षें चाललें, त्यांत डोंगराचें काम शेजाऱ्यांच्या घरांनीं केलें. आणि लपण्याची जागा म्हणजे लोकांची वस्तीच जेथें असते, तेथें घाव प्रथम कोणावर बसावयाचा हें निराळें सांगावयास नको.

लागन नदीच्या मुखाशीं वसलेलें बेलफास्ट हें लिननच्या गिरण्यांचें व जहाजबांधणीचें शहर. १९११ सालीं पाण्यांत सोडलेली ‘टायटॅनिक’ बोट येथलीच. गिरण्यांभोंवतीं कामगारांच्या, एकमेकांस चिकटून बांधलेल्या लाल विटांच्या घरांच्या रांगा. पश्चिम भागांत फॉल्स रोडच्या बाजूस कॅथलिक वस्ती, शँकिल रोडच्या बाजूस प्रॉटेस्टंट. मध्यें अंतर थोड्या गल्ल्यांचें. धर्म एकच, पंथ दोन. पण भांडण पंथाचें कमी व राज्याचें अधिक होतें. १९२१ सालीं आयर्लंडची फाळणी होऊन सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथील बहुसंख्य प्रॉटेस्टंटांस तें बंधन प्रिय होतें. कॅथलिकांपैकीं बहुतेकांस अखंड आयर्लंड हवें होतें. पुढें अर्धशतक एकाच पक्षाच्या हातीं सत्ता राहिली. घर, नोकरी, स्थानिक निवडणुकींतील मत, या साध्या गोष्टींत कॅथलिकांवर अन्याय होई. त्याविरुद्ध १९६७ पासून सनदशीर चळवळ उभी राहिली. तिचे मोर्चे लाठ्यांनीं मोडण्यांत आले, आणि सनदेचा मार्ग खुंटतो तेथें दुसरा मार्ग दाखविणारे लोक फार दूर नसतात.

फॉल्स रोडच्या जवळ क्लोनार्ड म्हणून एक वस्ती आहे. तेथील रस्त्यांचीं नांवें ऐकून मराठी श्रोत्यास नवल वाटेल : काश्मीर रोड, लखनौ स्ट्रीट, कानपूर स्ट्रीट आणि बॉम्बे स्ट्रीट! साम्राज्याच्या भरभराटीच्या दिवसांचें तें स्मारक होय. कानपूर म्हणतांच आपल्याकडे नानासाहेब पेशवे आठवतात. नांव ठेवणाऱ्यांस ते निराळ्या अर्थानें आठवले असावेत. यांपैकीं बॉम्बे स्ट्रीट १९६९ सालच्या ऑगस्टच्या पंधरा तारखेस प्रॉटेस्टंट जमावानें जाळली. आदल्या रात्रीं दिव्हिस येथील इमारतींत पोलिसांच्या चिलखती गाडीवरून सुटलेली मशीनगनची गोळी भिंतींतून शिरून एक नऊ वर्षांचा मुलगा घरांतच मारला गेला होता. त्या उन्हाळ्यांत शहरांतील सुमारें १,८०० कुटुंबें घरें सोडून निघालीं. त्यांपैकीं सुमारें १,५०० कॅथलिकांचीं होतीं.

ब्रिटिश सैन्य आलें तेव्हां कॅथलिक बायकांनीं शिपायांस चहा दिला. हें आज खरें वाटत नाहीं, पण खरें आहे. सैनिकांनीं दोन वस्त्यांमध्यें तारेचें कुंपण घातलें. ही तात्पुरती सोय आहे असें तेव्हां सांगण्यांत आलें. दहा महिन्यांत चहा आटला. १९७० च्या जुलैंत फॉल्स भागांत शस्त्रांसाठीं झडती घेतांना सैन्यानें दीड दिवस संचारबंदी लादली. चार नागरिक मृत्यू पावले. आणि शेवटीं बाहेरच्या गल्ल्यांतील बायकाच बाबागाड्यांत पाव व दूध घालून शिपायांच्या रांगेंतून चालत गेल्या, तेव्हां ती मोडली. पुढील वर्षीं ९ ऑगस्ट रोजीं चौकशीवांचून धरपकड सुरू झाली. पहिल्याच सपाट्यांत ३४२ माणसें धरलीं. दोन्ही बाजूंस शस्त्रें असतां धरलेले सर्व एकाच बाजूचे. त्याच तीन दिवसांत बॅलीमर्फी भागांत दहा नागरिक गोळ्यांस बळी पडले. ते सर्व निरपराध होते, हें न्यायालयीन चौकशीनें सांगावयास २०२१ साल उजाडलें. आयरिश रिपब्लिकन आर्मींत १९६९ च्या डिसेंबरांत फूट पडून जो ‘प्रोव्हिजनल’ गट निघाला होता, त्यास तरुण मिळवून देण्याचें काम या राज्यकर्त्यांइतकें दुसऱ्या कोणीं केलें नसेल.

या गटाचा दावा आपल्या वस्तीचें रक्षण करण्याचा होता. प्रॉटेस्टंट बाजूच्या संघटनांचाही तोच. १९६६ सालीं पुनरुज्जीवित झालेली अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स, आणि १९७१ सालीं गल्लोगल्लींच्या पहारेकरी मंडळांतून जन्मलेली अल्स्टर डिफेन्स असोसिएशन. या दुसरीच्या तर नांवांतच ‘डिफेन्स’. तिच्यावर बंदी यावयास १९९२ साल लागलें. परंतु रक्षण म्हणजे काय केलें? १९७१ च्या ४ डिसेंबरास मॅक्गर्कच्या मद्यगृहांत व्हॉलंटिअर फोर्सच्या बॉम्बनें पंधरा माणसें ठार झालीं. ती आंत बसलेल्यांच्याच बॉम्बची करणी, असा प्रवाद अधिकाऱ्यांनीं उठूं दिला. मृतांच्या आप्तांस दुःखाबरोबर तो कलंकही वाहावा लागला, आणि १९७८ सालीं खऱ्या गुन्हेगारांपैकीं एकास शिक्षा झाली. १९७२ च्या २१ जुलैस, शुक्रवारीं दुपारीं, प्रोव्हिजनल गटानें सुमारें ऐंशी मिनिटांत वीसएक बॉम्ब शहरभर उडविले. इशाऱ्याचे दूरध्वनि केले होते, असें त्यांचें समर्थन. पण एकाच वेळीं इतके इशारे आल्यावर माणसांनीं पळावें कोणीकडे? एका बॉम्बपासून पळणारीं दुसऱ्याच्या तोंडीं गेलीं. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या बसस्थानकांत सहा, केव्हहिल रोडवरील दुकानांपाशीं तीन, असे नऊ जण मेले, सुमारें १३० जखमी झाले. त्या गटानें या व इतर कृत्यांतील निःशस्त्र मृतांबद्दल क्षमा मागितली ती २००२ सालीं.

पुढील वर्षांत शहराचें सारें वळणच बदललें. मध्यवस्तीभोंवतीं लोखंडी फाटकें आलीं. खरेदीस जाणाऱ्या बाईची पिशवी प्रत्येक वेळीं तपासली जाई. बसगाड्या पेटविल्या जात म्हणून फॉल्स व शँकिल रोडवर लंडनच्या जुन्या काळ्या मोटारी पांच-सहा उतारू घेऊन धावूं लागल्या. शँकिल भागांतील एक टोळी तर रात्रीं वाटसरू उचलून खाटकाच्या सुऱ्यांनीं मारी. हे बळी लढवय्ये नव्हते, कॅथलिक असावेत एवढ्या अदमासावर निवडलेले. १९७९ सालीं त्या टोळींतील अकरा जणांस शिक्षा झाल्या.

पण सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. पोलीस ज्या वस्तींत पाय ठेवूं धजत नाहींत तेथें न्याय कोण करणार? दोन्हीकडील सशस्त्र मंडळांनीं तो अधिकार स्वतःकडे घेतला. गाड्या चोरणाऱ्या, उनाडक्या करणाऱ्या स्वतःच्याच पोरांच्या गुडघ्यांत ते गोळ्या घालीत. कांहीं वेळां आईबापांस मुलगा अमुक वेळीं हजर करावयास सांगत, आणि आईबाप त्यास घेऊन जात. न नेलें तर याहून वाईट होईल ही भीति. दुकानदारांकडून, घरें बांधणाऱ्यांकडून ‘रक्षणाचा’ पैसा वसूल होई. आपल्याकडील चौथाईपट्टीची आठवण येथें कोणास झाल्यास ती अगदींच अप्रस्तुत नव्हे. मात्र त्या चौथाईमागें एक राज्य होतें, येथें हिशेब विचारणारा कोणीच नव्हता. रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयाचे शस्त्रवैद्य गोळीच्या जखमा बऱ्या करण्यांत जगभर नांवाजले, तें या अनुभवावरच.

१९९४ च्या ऑगस्टअखेर प्रोव्हिजनल गटानें व ऑक्टोबरांत प्रॉटेस्टंट संघटनांनीं शस्त्रें थांबविलीं. मध्यें एकदां खंड पडून १९९८ च्या १० एप्रिलास करार झाला. तोंवर उत्तर आयर्लंडच्या या कलहांत ३,५०० हून अधिक माणसें मेलीं होतीं. मे महिन्यांतील सार्वमतांत तेथील शेंकडा ७१ मतें कराराच्या बाजूनें पडलीं.

बॉम्बे स्ट्रीट लोकांनीं पुन्हां बांधली. तिच्या पाठीमागें, तारेच्या कुंपणाच्या जागीं, आतां घरांहून उंच अशी भिंत आहे. पलीकडून येणारे दगड अंगणांत पडूं नयेत म्हणून परसांवर लोखंडी जाळीचे पिंजरे घातलेले आहेत. अशा सर्व भिंती २०२३ पर्यंत काढून टाकण्याचें तेथील सरकारनें २०१३ सालीं ठरविलें होतें. ती मुदत गेली. बहुतेक भिंती उभ्या आहेत, आणि त्यांतील कांहीं फाटकें संध्याकाळ झाली कीं अजून बंद होतात.