साठ लाखांचा आवाज

२४ मे १९७१. नवी दिल्लीतील संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेत मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. पलीकडचा आवाज पंतप्रधान इंदिरा गांधींचा भासत होता. बांगलादेशाशी संबंधित गुप्त कामासाठी साठ लाख रुपये हवे आहेत, सांकेतिक शब्द उच्चारणाऱ्या माणसाकडे ते सोपवावेत आणि पावती पंतप्रधान निवासातून घ्यावी, अशी सूचना होती. मल्होत्रांनी रोकड नेऊन दिली. पावतीसाठी गेल्यावर उलगडा झाला, की तिकडून असा दूरध्वनी गेलाच नव्हता. रुस्तम सोहराब नगरवाला या माजी लष्करी अधिकाऱ्याला त्याच दिवशी अटक झाली आणि बहुतेक रक्कम परत मिळाली. प्रकरणाची चौकशी पुढे न्या. जगनमोहन रेड्डी आयोगाकडे गेली. त्यानंतरही अनेक प्रश्न अनुत्तरितच राहिले.

या घटनेत पडताळणी झाली होती, हे विसरता कामा नये. सांकेतिक शब्द जुळला होता. परंतु तो शब्द सांगणारा आवाजच बनावट असेल, तर शब्द जुळून काय सिद्ध होते? खरी पडताळणी स्वतंत्र मार्गानेच होऊ शकते. ती झालीही, पण पैसे गेल्यावर.

आज भूमिका उलटल्या आहेत. तेव्हा बँक फसली. आता बँकेच्या नावाने ग्राहक फसतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना प्रमाणीकरणाची अतिरिक्त पायरी सक्तीची केली आणि कालांतराने ओटीपी घरोघरी पोहोचला. चोरलेला कार्ड क्रमांक एकटा निरुपयोगी ठरला. मग ठकांनी यंत्रणा फोडण्याऐवजी माणसाला बोलते केले. ‘केवायसी संपले, खाते गोठवले जाईल’ ही धमकी याच बदलाची उपज होय.

मूळ उणीव रचनेत आहे. ओटीपीमुळे ग्राहकाची ओळख बँकेला पटते. फोन करणारा बँकेचाच आहे, हे ग्राहकाला पटवणारे साधन मात्र नव्हते. पडद्यावर दिसणारा क्रमांकही पुरावा नव्हे, कारण इंटरनेट दूरध्वनीद्वारे तो बदलून दाखवता येतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ग्राहकसेवा व व्यवहारविषयक फोनसाठी ‘१६००’ने सुरू होणारी मालिका वापरण्यास सांगितले. पाऊल योग्य आहे. तरीही त्यावर विसंबून गुपिते सांगू नयेत.

नियम सोपा आहे : आलेल्या फोनवर पडताळणी करू नये. फोन ठेवावा आणि कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. ओटीपी, पिन, सीव्हीव्ही कोणालाही सांगू नये. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. कोणाच्या सांगण्यावरून मोबाइलचा ताबा देणारे अ‍ॅप घेऊ नये.

पैसे गेलेच, तर संकोच न करता लगेच १९३० या क्रमांकावर व बँकेत कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाने गुपित स्वतः सांगितले असल्यास, तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. त्यामुळे येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

मल्होत्रांनी पावती आधी मागितली असती, तर साठ लाख तिजोरीतच राहिले असते. पडताळणी आधी, व्यवहार नंतर, हा क्रम घरातील वडीलधाऱ्यांनाही आजच समजावून सांगा.