तारेच्या सालीतली वीज

तारेतून वीज वाहते ती अख्ख्या तारेतून, असं आपण धरून चालतो. बॅटरीच्या विजेसाठी ते खरंही आहे. पण वीज सारखी दिशा बदलू लागली की ती तारेच्या पृष्ठभागाकडे सरकते. घरातल्या ५० हर्ट्झला तांब्यात ती साधारण ९ मिलिमीटर खोल पोचते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून जेमतेम थोडी जास्त! आतलं तांबं नुसतंच बसून राहतं.

इंजिनिअरिंगला मी या 'स्किन इफेक्ट'चं सूत्र पाठ करून मार्क मिळवले. त्यामागची माणसं मला नंतर भेटली, पुस्तकांत.

१८८३ मध्ये होरेस लँबने गोलाकार वाहकासाठी हे गणित मांडलं. १८८५ मध्ये ऑलिव्हर हेविसाइडने ते कुठल्याही आकाराच्या वाहकाला लागू केलं. हा सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, तार कंपनीतली नोकरी सोडून घरी बसलेला माणूस. मॅक्सवेल त्याने स्वतःच वाचून पचवला होता.

तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात नळातल्या पाण्याचं चित्र होतं. हेविसाइडने ते उलटं केलं. ऊर्जा तारेभोवतीच्या जागेतून येते आणि बाहेरून आत शिरते. गाभ्यापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. त्याआधीच दिशा बदलली तर गाभा कोराच राहतो.

ब्रिटिश पोस्ट खात्यातले बडे अधिकारी विल्यम प्रीस यांना ही नवी थिअरी मान्य नव्हती. १८८७ मध्ये ऑलिव्हर आणि त्याचा भाऊ आर्थर यांचा टेलिफोनवरचा निबंध त्यांनी अडवला. आर्थर त्यांच्याच हाताखाली नोकरीला होता, त्यामुळे बोलणार कोण? त्याच वर्षी 'द इलेक्ट्रिशियन'मधली ऑलिव्हरची लेखमालाही बंद झाली.

पुढच्याच वर्षी हर्ट्झच्या प्रयोगांनी मॅक्सवेलच्या लहरी खऱ्या ठरवल्या. १८८९ मध्ये विल्यम थॉमसन यांनी जाहीर भाषणात हेविसाइडच्या कामाची दखल घेतली. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

इंडक्शन शेगडीतली कॉइल कधी उघडी पाहिलीत, तर एका जाड तारेऐवजी केसासारख्या बारीक, वेगवेगळं इन्सुलेशन असलेल्या तारांचा पीळ दिसेल. जाड तार घेतली असती तर तिचा गाभा फुकट गेला असता. प्रीसना नको असलेलं गणित आज असं आपल्या ओट्यावर चहा उकळतं.