टोपणनावाचे बदलते कार्य

१९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. सुशिक्षित, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांच्या घुसमटीचे त्यातील चित्रण वादळी ठरले. तथापि कथांच्या विवेचनापेक्षा लेखिकेच्या शोधालाच महत्त्व आले. याच बाळूताई खरे यांनी ‘अलंकारमंजूषा’ (१९३१) स्वतःच्या नावाने लिहिले होते. स्त्रीच्या विद्वत्तेला समाजमान्यता होती. तिच्या अतृप्तीच्या उच्चाराला मात्र आडोसा आवश्यक होता. विवाहानंतर मालती बेडेकर झालेल्या लेखिकेने ‘बळी’ (१९५०) या ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीवरील कादंबरीसाठीही तेच नाव राखले. आडोशाचे नाव येथे वाङ्मयीन भूमिकेचे निदर्शक बनते. म्हणून या लेखनाचे मूल्यमापन केवळ ‘धाडस’ या शब्दात संपविणे म्हणजे कथेऐवजी पुन्हा लेखिकेकडेच पाहणे होय.