जनतेच्या पैशातून लागलेला शोध कोणाच्या मालकीचा?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याच ठरावाच्या आधाराने महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तो कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणला. मग सवर्णांनी कोर्टात दावा लावला की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते आमचे आहे. तो दावा निकालात निघायला १९३७ साल उजाडले.

महाडचा लढा मुळात माणुसकीच्या हक्काचा होता, हे आपण सगळे जाणतो. पण बोले ठरावात आणखी एक तत्त्व आहे आणि त्याकडे आपले कमी लक्ष जाते: जे सर्वांच्या पैशातून उभे राहिले, त्यावर काही मूठभरांची मालकी चालणार नाही. हे तत्त्व फक्त तळ्यापुरते आहे का? सरकारी प्रयोगशाळेत जनतेच्या करातून एखादा शोध लागला आणि त्याचे पेटंट निघाले, तर ते पेटंट कोणाचे? ऊर्जेच्या क्षेत्रात हा प्रश्न जवळजवळ नव्वद वर्षे वादात आहे. त्याचा इतिहास अमेरिकेत घडला असला तरी त्याचा धडा आपल्यासाठी आहे.

सुरुवात मात्र रोममधून करावी लागते. १९३४ साली एन्रिको फर्मी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी दाखवून दिले की न्यूट्रॉनचा वेग कमी केला तर तो अणूच्या केंद्रकात अधिक सहज शिरतो. अणुभट्टीचा पाया इथे घातला गेला. प्रयोग विद्यापीठाच्या संस्थेत झाले आणि त्यासाठी लागणारा रेडॉन वायू सरकारी आरोग्य प्रयोगशाळेच्या रेडियममधून मिळाला. म्हणजे जागा सार्वजनिक आणि रेडियमही सार्वजनिक. पेटंट मात्र शास्त्रज्ञांनी आपल्या नावाने घेतले आणि १९४० मध्ये ते अमेरिकेतही मंजूर झाले. पुढे अमेरिकी सरकारने हीच पद्धत अणुप्रकल्पात वापरली, तेव्हा मोबदल्याचा वाद उभा राहिला. अखेर १९५३ मध्ये ३ लाख डॉलर देऊन सरकारने तो मिटवला.

दुसरे नाव लिओ झिलार्ड. हिटलरच्या जर्मनीतून पळालेला हा हंगेरियन ज्यू शास्त्रज्ञ. अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याला १९३३ मध्ये सुचली. त्याने ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ती माहिती नाझींच्या हाती लागू नये म्हणून १९३६ मध्ये ते पेटंट ब्रिटिश नौदल खात्याच्या स्वाधीन केले. २ डिसेंबर १९४२ ला शिकागो विद्यापीठात फर्मी आणि झिलार्ड यांच्या कल्पनेवर उभारलेली पहिली अणुभट्टी चालू झाली. या दोघांच्या नावाने १९४४ च्या डिसेंबरमध्ये केलेला अणुभट्टीच्या पेटंटचा अर्ज गुप्ततेमुळे दहा वर्षे दडून राहिला. पेटंट जाहीर झाले १७ मे १९५५ ला आणि त्याची मालकी होती अमेरिकी सरकारकडे.

हे अपघाताने घडले नाही. त्या युद्धप्रकल्पात सरकारने शोधांची पेटंटे पद्धतशीरपणे आपल्याकडे घेतली. अनेकदा शास्त्रज्ञाला कागदोपत्री एक डॉलर दिला जाई. १९४६ च्या अणुऊर्जा कायद्याने तर अण्वस्त्रांशी संबंधित शोधांवर खासगी पेटंट घेण्यासच बंदी केली. भांडवलशाहीचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या देशाने ठरवले की काही ज्ञान खासगी मालकीत जाऊ द्यायचे नाही. १९५४ साली कायदा बदलून नागरी अणुऊर्जेत खासगी पेटंटांना वाट दिली गेली, पण तिथेही लोकहिताचा शोध असेल तर इतरांना तो वापरू देण्याची सक्ती करण्याची तरतूद ठेवली.

भारतानेही हाच मार्ग धरला. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम २० ने आणि १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ४ ने अणुऊर्जेच्या शोधांवर पेटंट नाकारले. आपल्याकडे याचे कारण गुप्तता हेच अधिक होते, जनतेची मालकी हे नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सरकारने दडवलेले ज्ञान आपोआप जनतेचे होत नाही.

आता अमेरिकेतले वळण पाहा. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथल्या सरकारने सौर, बॅटरी, कोळसा, वायू अशा सर्व ऊर्जा संशोधनावर मोठा पैसा ओतला. १९७४ च्या अणुखेरीज ऊर्जा संशोधनाच्या कायद्याने नियम घातला की सरकारी कंत्राटातून निघालेल्या शोधाची मालकी सर्वसाधारणपणे सरकारची राहील. पण १२ डिसेंबर १९८० ला बाय-डोल कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची सही झाली आणि दिशा उलटली. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठे आणि छोट्या कंपन्यांना ठेवता येऊ लागली. पुढच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्या आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थांनाही तशी वाट मिळाली.

या कायद्याच्या बाजूचा युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सरकारकडे सुमारे २८ हजार पेटंटे होती आणि त्यांतली ५ टक्केसुद्धा उद्योगांनी वापरायला घेतली नव्हती. सरकारी कपाटात शोध कुजतात, मालकी दिली तर कोणीतरी ते बाजारात आणेल, असे सांगितले गेले. टीकाकारांनी त्यावर उत्तर दिले की त्यांतली बरीच पेटंटे संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांनी आपणहून नाकारलेली होती. ज्यात नफा दिसला ते त्यांनी आधीच ठेवून घेतले होते. उरलेला गाळ दाखवून अख्खी विहीर विकणे हा न्याय नव्हे. शिवाय शोध वापरात आणायचा असेल तर एकाच कंपनीला मक्ता का द्यावा, अनेकांना परवाना का देऊ नये, हा प्रश्न उरतोच.

कायद्यात एक कलम जनतेसाठी ठेवले होते. पेटंटधारकाने शोध लोकांपर्यंत पोहोचवला नाही तर सरकार मध्ये पडून दुसऱ्याला परवाना देऊ शकते. चार दशके उलटली तरी हा अधिकार एकदाही वापरला गेला नाही. हक्क कागदावर असणे आणि अमलात येणे यातले अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको.

या धोरणाचे फळ पाहायचे तर आर्गोन प्रयोगशाळा पाहावी. १९४२ च्या त्याच शिकागोच्या अणुभट्टी प्रकल्पातून १९४६ मध्ये ही अमेरिकेची पहिली राष्ट्रीय प्रयोगशाळा जन्मली. तिथल्या शास्त्रज्ञांनी ऊर्जा खात्याच्या पैशातून लिथियम बॅटरीसाठी निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट यांचा एक महत्त्वाचा पदार्थ विकसित केला. त्याची पेटंटे २००४ मध्ये मंजूर झाली. पुढे जनरल मोटर्स, एलजी केम, बीएएसएफ अशा कंपन्यांनी परवाने घेतले. शेव्हरोले व्होल्ट या मोटारीच्या बॅटरीत हे तंत्रज्ञान वापरले गेले. आता हिशेब करा. संशोधनाचा पैसा करदात्यांचा. मिशिगन राज्यात बॅटरीचा कारखाना काढायला एलजी केमला सुमारे १५ कोटी डॉलर सरकारी अनुदान मिळाले, तेही करदात्यांचे. मोटार घेणाऱ्याला साडेसात हजार डॉलरपर्यंत करसवलत, तिचा भारही सरकारी तिजोरीवर. जनतेने तीन वेळा पैसे मोजले. मालकीत तिचा वाटा किती?

दुसरे उदाहरण वॉशिंग्टन राज्यातले. पॅसिफिक नॉर्थवेस्ट या राष्ट्रीय प्रयोगशाळेने सहा वर्षे खपून, दीड कोटी डॉलरहून अधिक सरकारी पैसा लावून व्हॅनेडियमची एक टिकाऊ बॅटरी तयार केली. २०१२ मध्ये तिचा परवाना तिथल्याच एका माजी शास्त्रज्ञाच्या कंपनीला मिळाला. अमेरिकेत भांडवल मिळेना, तेव्हा तंत्रज्ञान चीनमधल्या दालियानच्या कंपनीकडे गेले आणि २०२१ मध्ये परवाना एका युरोपीय कंपनीच्या नावावर झाला. २०२२ मध्ये बातमी फुटल्यावर ऊर्जा खात्याला जाग आली. यात चीनला दोष देणे सोपे आहे. पण ज्या वस्तूवर जनतेची देखरेखच नाही, ती कोणाकडे जाते हे जनतेला उशिराच कळणार.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पेटंटाच्या कागदावर शोध लावणाऱ्यांची नावे असतात. खाणीत उतरणाऱ्यांची नसतात. अमेरिकेच्या अणुप्रकल्पातल्या युरेनियमचा मोठा भाग बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतून आला. तो आफ्रिकी मजुरांनी हातांनी काढला. अमेरिकेत नावाहो आदिवासींच्या जमिनीतून १९४४ ते १९८६ या काळात जवळजवळ ३ कोटी टन युरेनियमचे खनिज उपसले गेले. मजुरांना किरणोत्साराचा धोका सांगितला नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाने माणसे गेली. भरपाईचा कायदा झाला तो १९९० मध्ये. आपल्याकडे झारखंडमधल्या जादूगोडा परिसरात १९६७ पासून युरेनियमची खाण चालते आणि तिच्याभोवती हो, संथाळ आदिवासींची गावे आहेत. आणि आर्गोनच्या बॅटरीतला कोबाल्ट? जगातला बहुतांश कोबाल्ट आज काँगोतून येतो, शिंकोलोब्वे ज्या कटांगा प्रांतात होते त्याच पट्ट्यातून. ऐंशी वर्षांत प्रयोगशाळेचे नाव बदलले, खनिज बदलले, खाणीत उतरणारा माणूस तोच राहिला.

डोके वापरणाऱ्याला मालकी आणि हात वापरणाऱ्याला आजार, ही वाटणी आपल्याला नवी नाही. जातिव्यवस्थेने हेच केले. ज्ञानाची मक्तेदारी एकाकडे, घाण आणि धोका दुसऱ्याकडे. पेटंट जातीमुळे निर्माण झाले असे मी म्हणत नाही. पण ज्ञानावर कुंपण घालून श्रम करणाऱ्याला बाहेर ठेवण्याचा रोग दोन्हीकडे एकच आहे.

इथे बाबासाहेबांचे एक काम आठवले पाहिजे. त्यांच्या जयंतीच्या भाषणांत ते क्वचितच येते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी तांत्रिक गोष्टींच्या आधी मालकीचा प्रश्न ठेवला: वीज खासगी असावी की सरकारी? नुसती वीज पुरेशी नाही, ती स्वस्त आणि मुबलक हवी आणि तिचा हेतू दारिद्र्यातून सुटका हा हवा, अशी त्यांची भूमिका होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पायाही त्याच काळातला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. वीज म्हणजे तारा आणि खांब एवढेच नाही. वीज बनवण्याचे, साठवण्याचे ज्ञान हाही तिचाच भाग आहे.

भारतात बाय-डोलची नक्कल करण्याचा प्रयत्न झाला आहे. २००८ च्या डिसेंबरमध्ये सार्वजनिक निधीतून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेचे विधेयक राज्यसभेत आले. विरोध झाला, पुढे ते मागे घेतले गेले. पण धोका टळला असे समजू नका. कायदा नसतानाही सरकारी संस्था आणि कंपन्या यांचे करार होतच असतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागातून हायड्रोजन इंधनघटावर चालणारी मोटार २०२० मध्ये एका खासगी कंपनीसोबत चाचणीला उतरली. असे सहकार्य वाईट नाही. कंपनीशिवाय शोध बाजारात येत नाही हे खरेच. पण करार कोणत्या अटींवर होतो, मक्ता किती वर्षांचा, किंमत कोण ठरवणार, हे लोकांना माहीत असायलाच हवे.

संविधानाचे कलम ३९ (ब) सांगते की समाजाची भौतिक साधने सर्वांच्या हितासाठी वाटली जावीत. ५ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाचे साधन ठरत नाही. ठीक आहे. पण सरकारी प्रयोगशाळेत, सरकारी पगारावर, जनतेच्या करातून लागलेला शोध मुळात खासगी नाहीच. त्याला समाजाचे साधन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

वस्तीत काम करताना दिसते की सिलिंडर परवडत नाही म्हणून आजही चूल पेटते आणि बिल थकले की मीटर कापला जातो. या घरांनाही काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरावा लागतो. म्हणजे त्या प्रयोगशाळांचा खर्च तेही उचलतात.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सरकारी निधीतून लागलेल्या ऊर्जेच्या शोधांचा परवाना एकाच कंपनीला देण्याची पद्धत बंद व्हावी. प्रत्येक कराराच्या अटी जाहीर व्हाव्यात. मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा वाटा खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्यांच्या आरोग्यासाठी राखून ठेवावा. आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांत आपली मुले-मुली शास्त्रज्ञ म्हणून किती आहेत, हा हिशेबही मागितला पाहिजे. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज यासाठी टाकावा. दहा रुपयांचे काम आहे.

तळे सार्वजनिक होते, तरी तिथे जाऊन पाणी प्यावे लागले तेव्हा ते सार्वजनिक झाले. सरकारी ज्ञानाचेही तसेच आहे. ते आपले आहे हे सांगायला आपल्यालाच जावे लागेल.

जय भीम!