शिवणीतली दोरी

सायकलच्या इतिहासात मी शिरले ती शिवणकामाच्या वाटेने. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या अ‍ॅलिस बायग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १८९५ साली एका स्कर्टचे पेटंट मागितले. पुढच्या-मागच्या शिवणींत दोऱ्या लपवलेल्या. ओढल्या की घोळ वर चढे, उतरल्यावर सोडल्या की स्कर्ट पुन्हा लांब.

एवढा खटाटोप कशाला? हेलेना स्वॉनविक यांचे १९३५ सालचे आत्मचरित्र वाचताना ते कळले. घोड्यांच्या बसचे चालक त्यांच्या दिशेने चाबूक फटकारत. भाड्याच्या बग्गीवाल्यांना मागून अंगावर येण्यात गंमत वाटे. नॉटिंग हिलच्या गरीब वस्तीत तर स्कर्ट धरूनच खाली ओढले.  तोच लांब स्कर्ट पेडलमध्ये गुंडाळून त्या आपटल्याही होत्या.

मग स्कर्ट टाकूनच द्यावा? लेडी हार्बर्टन यांनी टाकला. १८९८ च्या ऑक्टोबरात त्या ढगळ विजारीत ऑकहॅमच्या हॉटबॉय हॉटेलात गेल्या, तेव्हा मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. बारलगतची खोली दाखवली. सायकलस्वारांच्या क्लबने खटला चालवला. १८९९ मध्ये मालकीण निर्दोष सुटली.

बायग्रेव्हबाईंचा स्कर्ट असता तर दारातच दोरी सोडून आत जाता आले असते. याला कोणी माघार म्हणेल. मी म्हणणार नाही. खटला चालू असतानाही बायकांना त्याच चाबकांशेजारून सायकल न्यायची होती.