पॉलीचा राजीनामा आणि पुढची कारकुनी

सोलापूरच्या पार्क मैदानावर स्कोअर लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथं क्रिकेटपटू पॉली उम्रीगरचं नाव निघालं, की कुणीतरी हटकून म्हणतंच, ‘तो मुंबईचा!’ जन्म 28 मार्च 1926चा. काही नोंदींत जन्मगाव मुंबईही सापडतं. पण लहानपण गेलं ते सोलापुरातच. वडिलांचा धंदा कपड्याचा. गिरण्यांच्या गावात दुसरा कुठला असणार? शाळकरी वयातच त्याचं बिऱ्हाड मुंबईला हललं.

मग झेवियर्स कॉलेज, मुंबई विद्यापीठाची कप्तानी. 1948 साली संयुक्त विद्यापीठांकडून खेळताना पाहुण्या वेस्ट इंडीजला नाबाद 115 चोपल्या आणि काही आठवड्यांत कसोटीत आला. 59 कसोट्या, 3631 धावा, 12 शतकं, भारताचं पहिलं द्विशतक. हे आमच्याकडच्या पोरांनाही पाठ आहे. मला मात्र जानेवारी 1959च्या मद्रास कसोटीची आदली रात्र जास्त महत्त्वाची वाटते.

विजय मांजरेकर जायबंदी झालेला. त्याच्या जागी कप्तान पॉलीला फलंदाज हवा होता, मनोहर हर्डीकर. क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष रतिभाई पटेल ऑफस्पिनर जसू पटेलसाठी अडून बसले. सकाळी टॉस व्हायचा, आणि आदल्या रात्री पॉलीनं कप्तानी सोडून दिली. रुसून घरी मात्र गेला नाही. विनू मांकडच्या हाताखाली खेळला. गंमत अशी, की त्याच डिसेंबरात कानपूरला जसूनं ऑस्ट्रेलियाचे 14 बळी घेतले. दुसऱ्या डावात दुसऱ्या टोकाकडून चार कुणी काढले? पॉलीनं.

बोर्डाशी असं फाटलेला माणूस एरवी समालोचनात रमला असता. हा कारभारात शिरला. पोर्ट ऑफ स्पेनला 1962 साली त्यानं नाबाद 172 केल्या होत्या. 1976 साली तिथंच भारतानं 403चं लक्ष्य गाठलं, तेव्हा तो संघाचा व्यवस्थापक होता. पुढच्याच किंग्स्टन कसोटीत वेस्ट इंडीजच्या होल्डिंग आणि मंडळींनी आपले फलंदाज एकेक करून जखमी केले. विश्वनाथ, गायकवाड, ब्रिजेश पटेल, सगळ्यांचा घोर व्यवस्थापकालाच.

1978 ते 1982 तो निवड समितीचा अध्यक्ष. कप्तानाला काय हवं आणि वरच्यांना काय हवं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुंबई असोसिएशनचं सचिवपद, बोर्डाचं कार्यकारी सचिवपद, म्हणजे पत्रं, तिकिटं, हिशेब. शतकवीराला कंटाळा यावा अशीच कामं. काही काळ वानखेडेची खेळपट्टीसुद्धा त्याच्याकडे होती. एवढ्या सगळ्या पदांत मला खेळपट्टीचं हेच काम मोठं वाटतं.